कळा, रक्तस्राव आणि औषध: पांढुर्णा-सौंसरच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आपल्याकडे वैद्यकाच्या इतिहासावर जे लेखन झाले आहे, त्यात प्लेग, देवी, पटकी अशा साथींना मोठे स्थान मिळाले. बाळंतपणाचा इतिहास मात्र घराच्या आतल्या खोलीतच राहिला. प्रसूतीच्या वेळी आणि प्रसूतीनंतर गर्भाशयाला कळा आणणारी, त्याचे आकुंचन घडविणारी औषधे हा त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग आहे. या औषधांमुळे लाखो स्त्रियांचे प्राण वाचले, आणि याच औषधांच्या चुकीच्या वापराने माता व बालके दगावली. असे का घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात पांढुर्णा आणि सौंसर या मराठी भाषक सीमाभागाच्या संदर्भात केला आहे.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर या तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. त्यापूर्वीचा या भागाचा इतिहास नागपूरशी जोडलेला आहे. भोसल्यांचे राज्य, १८५४ मध्ये त्याचे खालसा होणे, १८६१ मध्ये स्थापन झालेला मध्य प्रांत, पुढे मध्य प्रांत व वऱ्हाड, या सर्व काळात येथील लोकांची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला. कचेरीची भाषा हिंदी झाली. घरची, बाजाराची आणि बाळंतिणीच्या खोलीतली भाषा मात्र बहुतांशी मराठीच राहिली. अवघड बाळंतपण आले की लोधीखेडा, रामाकोना, तिगाव किंवा नांदनवाडीच्या माणसांची नजर आजही नागपूरकडे वळते. सौंसरहून नागपूर साधारण ६५ ते ७० किलोमीटर, तर पांढुर्ण्याहून सुमारे १०० किलोमीटर आहे. बाळंतिणीचा रक्तस्राव सुरू झाला असेल, तर हे अंतर किलोमीटरमध्ये न मोजता मिनिटांत मोजावे लागते.

रक्तस्राव आणि गर्भाशयाची रचना

दिवस भरलेल्या गर्भवतीच्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. बाळ जन्मल्यानंतर वार सुटते आणि ती जेथे चिकटलेली होती तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. निसर्गाने यावर एक उपाय ठेवला आहे. गर्भाशयाचे स्नायुतंतू एकमेकांत आडवेतिडवे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीतून जातात. गर्भाशय आवळले की प्रत्येक वाहिनीभोवती जणू गाठ बसते व रक्त थांबते. गर्भाशय सैल पडले तर गाठ बसत नाही. धडधाकट स्त्रीही मग दोन-तीन तासांत दगावू शकते.

प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेले तर त्याला प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणण्याची वैद्यकीय प्रथा आहे. भारताच्या महानिबंधक कार्यालयाने २००१ ते २००३ या काळातील मातामृत्यूंचा जो अभ्यास केला, त्यात ३८ टक्के मृत्यूंचे कारण रक्तस्राव हे होते. देशातील मातामृत्यूचे प्रमाण तेव्हा दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ होते. २०१८ ते २०२० या काळात ते ९७ पर्यंत खाली आले. परंतु याच काळात महाराष्ट्राचा आकडा ३३ आणि मध्य प्रदेशाचा १७३ होता. ही राज्यांची सरासरी आहे. सीमेवरच्या दोन तहसिलींचे चित्र त्यावरून काढता येणार नाही. तरीही एकाच प्रांतातून निघालेल्या दोन शेजाऱ्यांमध्ये एवढी दरी असावी, ही बाब शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

परंपरेतील उपाय

कळा येत नसतील तर त्या आणाव्यात आणि वार पडत नसेल तर ती पाडावी, ही गरज फार जुनी आहे. पावसाळ्यात आपल्या रानात कुंपणाच्या आधाराने चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांची एक वेल दिसते. तिला मराठीत कळलावी म्हणतात. संस्कृतात तिचे नाव लांगली. तिचे मूळ बाळंतिणीच्या हातापायांना बांधण्याचा अथवा त्याचा लेप तळहात-तळपायांना लावण्याचा उपाय आयुर्वेदाच्या परंपरेत आढळतो. ‘कळ लावणारी’ हे नावच तिच्या उपयोगाची साक्ष देते. भांडण लावणाऱ्यास आपण कळलाव्या म्हणतो, तो शब्दही याच घडणीचा आहे. या वेलीच्या कंदात कोल्चिसिन हे तीव्र विष असते आणि ती पोटात गेल्यास प्राणावर बेतते. म्हणजे कळा आणणाऱ्या द्रव्याची भीती लोकपरंपरेलाही ठाऊक होती. बहुधा म्हणूनच उपाय अंगाच्या बाहेरून करण्याची रीत पडली असावी.

अरबी वैद्यकातही हा विषय दुर्लक्षित नव्हता. अंदलूसियाचा शल्यविशारद अल-जहरावी (इ. स. ९३६ ते १०१३) याने आपल्या ‘अत्-तसरीफ’ या ग्रंथाच्या शस्त्रक्रियाविषयक भागात दाईने अडलेले बाळंतपण कसे हाताळावे आणि अडकलेली वार कशी काढावी, यासाठी स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. प्रसूतीचे ज्ञान दाईपर्यंत पोचले पाहिजे ही दृष्टी त्यात दिसते. पुढील शतकांत या दृष्टीचा अनेकांना विसर पडला.

आपल्या भागातील सुईण किंवा दाई पोट चोळत असे, बाळंतिणीला बसते करीत असे, तिच्या घशात केस घालून उमासे आणीत असे. यातील पोट चोळण्याची क्रिया गर्भाशयाला आवळण्यास मदत करणारी होती. बाळाला लगेच छातीशी लावणे हाही निसर्गाचाच उपाय आहे. बाळ चोखू लागले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते. मात्र पहिले पिवळसर दूध बाळाला न देण्याच्या रूढीमुळे अनेक घरांत हा लाभ हुकत असे. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. मलावी देशात दाईंच्या साहाय्याने झालेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळाला लगेच पाजल्याने रक्तस्राव लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. स्तनपानाचे इतर लाभ निर्विवाद आहेत, पण रक्तस्राव रोखण्यासाठी ते एकटे पुरेसे नाही.

अर्गट: एका बुरशीची कथा

आधुनिक औषधांची सुरुवात युरोपातील शेतात झाली. राय या धान्याच्या कणसात दाण्याच्या जागी कोंबड्याच्या नखासारखी काळी बुरशी वाढते. तिला अर्गट म्हणतात. आपल्याकडील शेतकऱ्यांना बाजरीवरील अरगट हा रोग परिचित आहे. बाजरीवरील बुरशी त्याच कुळातील असली तरी तिच्यातील द्रव्ये वेगळी आहेत आणि प्रसूतीचे औषध तिच्यापासून मिळालेले नाही. रायवरचे अर्गट पिठात मिसळले गेल्याने मध्ययुगीन युरोपात विषबाधेच्या साथी येत, हातपाय काळे पडून गळत. त्याच बुरशीचे मोजके दाणे सुइणी कळा आणण्यासाठी देत असत. जर्मन वैद्य अॅडम लोनिसर याच्या वनस्पतिग्रंथाच्या १५८२ च्या आवृत्तीत याचा उल्लेख आहे.

सुइणींचे हे ज्ञान १८०८ मध्ये वैद्यकीय जगात आले. अमेरिकेतील डॉक्टर जॉन स्टर्न्स यांनी एका पत्रातून अर्गटच्या पुडीचे गुण सांगितले. रेंगाळलेली प्रसूती लवकर होते, डॉक्टरांचा वेळ वाचतो, म्हणून तिचा प्रसार झपाट्याने झाला. पण थोड्याच वर्षांत मृत बालकांची आणि फाटलेल्या गर्भाशयांची संख्या वाढू लागली. अर्गटने येणारी कळ सैल पडत नाही. दोन कळांच्या मध्ये बाळाला जो श्वास मिळतो, तो मिळत नाही. न्यूयॉर्कचे डॉ. डेव्हिड होसॅक यांनी १८२० च्या दशकात इशारा दिला की ही प्रसूतीची पूड राहिलेली नसून मृत्यूची पूड झाली आहे आणि तिचा वापर बाळ जन्मल्यानंतर, केवळ रक्तस्राव थांबविण्यासाठी करावा.

या संपूर्ण इतिहासाचे सार होसॅक यांच्या इशाऱ्यात आले आहे. औषध एकच असते. बाळ पोटात असताना ते धोक्याचे ठरू शकते आणि बाळ बाहेर आल्यावर तेच जीव वाचविते. पुढील दोनशे वर्षांत औषधे बदलली, हा नियम बदलला नाही. तो विसरला गेला तेव्हा मात्र प्रत्येक वेळी त्याची किंमत मोजावी लागली.

प्रयोगशाळेतील शोध

१९०६ मध्ये लंडनमध्ये हेन्री डेल अर्गटचा अभ्यास करीत होते. त्या ओघात मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागाचा अर्क दिल्यास मांजरीचे गर्भाशय आवळते, असे त्यांना आढळले. १९०९ मध्ये लिव्हरपूलचे विल्यम ब्लेअर-बेल यांनी हा अर्क स्त्रियांच्या उपचारात वापरला. पुन्हा तोच प्रकार घडला. घाई करण्यासाठी मोठ्या मात्रेची इंजेक्शने दिली गेली आणि गर्भाशय फाटण्याच्या घटना नोंदल्या जाऊ लागल्या. १९४८ मध्ये इंग्लंडमधील जेफ्री थिओबाल्ड यांनी अत्यल्प मात्रा सलाईनमधून थेंबाथेंबाने देण्याची पद्धत मांडली. थेंब कमी करता येतात किंवा थांबवता येतात. स्नायूत टोचलेली सुई परत घेता येत नाही. प्रसूतीपूर्वी हे औषध द्यायचेच असेल तर रुग्णालयातच, थेंब मोजून व बाळाचे ठोके ऐकत द्यावे, हा नियम त्यातून रुळला.

दरम्यान अर्गटचे खरे द्रव्यही सापडले. अर्गटचा पाण्यातील अर्क औषधकोशात होता, पण प्रयोगशाळेच्या मते त्यात कार्यक्षम द्रव्य जवळजवळ नव्हते. डॉक्टर आणि सुइणी मात्र त्याचा गुण येतो असे म्हणत. १९३२ मध्ये चॅसर मॉयर यांनी लंडनच्या रुग्णालयात प्रत्यक्ष बाळंतिणींवर त्याची तपासणी केली आणि त्या जुन्या अर्काचा परिणाम सर्वांत जलद असल्याचे दाखविले. पुढे १९३५ मध्ये मॉयर आणि रसायनतज्ज्ञ हॅरोल्ड डडली यांनी त्यातून अर्गोमेट्रिन वेगळे केले. त्याच सुमारास इतर तीन प्रयोगशाळाही याच द्रव्यापर्यंत पोचल्या. अनुभवाचे म्हणणे खरे होते आणि तपासणीची पद्धत अपुरी होती, असे हे एक उद्बोधक उदाहरण आहे. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन यांनी याच घराण्यातील मेथिलअर्गोमेट्रिन तयार केले. आपल्या परिचारिकांच्या तोंडी असलेले ‘मेथर्जिन’ ते हेच.

१९५३ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विन्सेंट दु विन्यो यांनी ऑक्सिटोसिनची रचना निश्चित करून ते प्रयोगशाळेत तयार केले. केवळ नऊ अमिनो आम्लांचे हे संप्रेरक कृत्रिमरीत्या बनविलेले पहिले पेप्टाइड संप्रेरक होय. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. जनावरांच्या ग्रंथींवर अवलंबून राहण्याची गरज त्यामुळे संपली आणि औषध स्वस्त झाले. बाळ जन्मताच प्रत्येक बाळंतिणीला हे औषध द्यावे की नाही, यावर पुष्कळ काळ मतभेद होते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल येथील अभ्यासाने त्यावर स्पष्ट उत्तर दिले. औषधासह सक्रिय पद्धतीने हाताळलेल्या प्रसूतींत रक्तस्रावाचे प्रमाण ५.९ टक्के होते, तर वार आपोआप पडण्याची वाट पाहिलेल्या प्रसूतींत ते १७.९ टक्के होते.

शोध आणि खेडे यांतील अंतर

लंडन-न्यूयॉर्कमध्ये हे शोध लागत असताना मध्य प्रांतातील स्त्री दाईच्या हाती होती. १८८५ मध्ये डफरिन फंड आणि १९०३ मध्ये दाईंच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड स्थापन झाला. त्यापूर्वी १८८६ मध्ये महाराष्ट्राच्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी घेताना आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच प्रबंधाचा विषय निवडला होता. परंतु हे सर्व प्रयत्न मोठ्या शहरांपलीकडे फारसे गेले नाहीत. १९४६ च्या भोर समितीने देशातील मातामृत्यूंचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० असल्याचा अंदाज दिला. अर्गोमेट्रिनचा शोध लागून तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे आली, एएनएम आल्या. तरीही तीन अडचणी कायम राहिल्या. पहिली उष्णतेची. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते आणि अर्गोमेट्रिनला उष्णतेबरोबर उजेडही सोसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाने झालेल्या अभ्यासांनी उष्ण प्रदेशांत अर्गोमेट्रिनचा प्रभाव साठवणुकीत घटतो हे दाखविले. नागपूरच्या परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि वीजही जाते. अशा वेळी उपकेंद्राच्या कपाटातील बाटलीवर नाव बरोबर असले तरी आतले औषध तितकेच कामाचे राहिले असेल याची खात्री नसते. दुसरी अडचण सुई टोचणाऱ्या हाताची. प्रशिक्षित व्यक्ती नसेल तेथे इंजेक्शन निरुपयोगी. तिसरी अडचण स्थळाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये मध्य प्रदेशातील केवळ २६.२ टक्के प्रसूती रुग्णालयांत होत होत्या. उरलेल्या घरी होत होत्या, आणि ही औषधे बहुतेक रुग्णालयात होती.

दुसऱ्या सीमाभागातील प्रयोग: बेळगाव

या तिन्ही अडचणींवर एक उत्तर मराठी मुलखाच्या दुसऱ्या सीमेवर शोधले गेले. ज्या राज्यपुनर्रचनेने पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले, त्याच दिवशी बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. भालचंद्र कोडकनी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि अमेरिकेतील डॉ. रिचर्ड डर्मन यांच्या गटाने सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात एक अभ्यास केला. औषध होते मिसोप्रोस्टॉल. मुळात जठरातील व्रणासाठी तयार झालेली ही गोळी. तिला थंडावा लागत नाही, सुई लागत नाही आणि ती स्वस्त आहे.

एकूण १६२० बाळंतिणींचा त्यात समावेश होता. एएनएमनी बाळ जन्मल्यावर निम्म्या स्त्रियांना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले आणि तीव्र रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. म्हणजे दर १८ स्त्रियांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळत होता. काहींना थंडी वाजून ताप आला, तो तात्पुरता होता. निम्म्या स्त्रियांना निष्क्रिय गोळी देणे योग्य होते काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्या काळी त्या भागातील घरच्या व उपकेंद्रातील प्रसूतीत एएनएमकडून असे कोणतेही औषध दिले जात नसे, हे संशोधकांचे उत्तर होते. महाविद्यालयीन वर्गात संशोधनातील नीतिमत्तेवर चर्चा घडविण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे.

याच कामातून आणखी एक साधन पुढे आले. रक्त किती गेले हे नजरेने ठरविताना चूक होते. बेळगावात बाळंतिणीखाली अंथरण्याचा, खालच्या टोकाला खुणा असलेली पिशवी जोडलेला प्लास्टिकचा पट तयार करण्यात आला. त्यावरील तुलनेत नजरेचा अंदाज प्रत्यक्ष मोजमापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. अशाच खुणांच्या पटावर आधारलेला एक मोठा अभ्यास केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांत झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त मोजून लगेच सर्व उपचार एकत्र केल्यास तीव्र रक्तस्राव व त्याचे गंभीर परिणाम सुमारे ६० टक्क्यांनी घटतात, असे त्यात दिसले.

भारत सरकारने २००६ मध्ये प्रसूतिपश्चात रक्तस्रावासाठी मिसोप्रोस्टॉलला मान्यता दिली. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या उपयोगाची नोंद केली. २०१३ मध्ये घरी होणाऱ्या प्रसूतींसाठी एएनएम व आशा यांच्यामार्फत ही गोळी पोचविण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने काढल्या. पुढे २०१८ मध्ये उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिन या औषधाचा दहा देशांतील सुमारे ३० हजार स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत त्यांपैकी एक देश होता. रक्तस्राव रोखण्यात ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचे ठरले.

नागपूरचा अनुभव

पांढुर्णा-सौंसरच्या स्त्रियांना ज्या शहराकडे पाठविले जाते, त्या नागपुरातही महत्त्वाचे संशोधन झाले. गर्भवतीचा रक्तदाब फार वाढला तर बाळंतपण लवकर घडवून आणावे लागते. अशा वेळी मिसोप्रोस्टॉलची अगदी अल्प मात्रा तोंडाने द्यावी की फुग्याच्या नळीचा वापर करावा, हा प्रश्न होता. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय येथे डिसेंबर २०१३ ते जून २०१५ या काळात ६०२ स्त्रियांचा अभ्यास झाला. डॉ. शुचिता मुंडले यांच्या नेतृत्वाखालील हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मिसोप्रोस्टॉल दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅम या प्रमाणात दिले होते. त्या गटातील ५७ टक्के स्त्रियांची चोवीस तासांत नैसर्गिक मार्गाने प्रसूती झाली. फुग्याच्या गटात हे प्रमाण ४७ टक्के होते.

येथे मात्रेकडे लक्ष द्यावे. बेळगावात बाळ जन्मल्यानंतर ६०० मायक्रोग्रॅम, नागपुरात बाळ पोटात असताना एका वेळी केवळ २५. एकाच औषधाच्या मात्रेत चोवीसपट फरक आहे. होसॅक यांचा दोनशे वर्षांपूर्वीचा इशारा आधुनिक संशोधनाने आकड्यांत असा मांडला आहे. बाळंतपण उरकण्याच्या घाईत ही वेळ आणि मात्रा चुकली, तर बाळाचा श्वास आणि आईचे गर्भाशय दोन्ही धोक्यात येतात.

कायदा, गोठा आणि बाळंतीण

ऑक्सिटोसिनने पान्हा सुटतो, म्हणून काही गोठ्यांत गायी-म्हशींना त्याची इंजेक्शने दिली जात. या गैरवापराची दखल हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये घेतली. त्यानंतर एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने आयातीवर बंदी घातली आणि देशांतर्गत वापरासाठीचे उत्पादन कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एकाच सरकारी कंपनीपुरते मर्यादित केले. खासगी कंपन्यांवरील बंदी १ सप्टेंबर २०१८ पासून लागू व्हायची होती. देशभरातील बाळंतिणींना लागणारे जीवरक्षक औषध एकाच कारखान्यावर अवलंबून ठेवल्यास तुटवडा पडेल, अशी भीती डॉक्टर व आरोग्य कार्यकर्त्यांनी व्यक्त केली. १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हा निर्णय मनमानी ठरवून रद्द केला. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आले.

या प्रकरणातून एक धडा मिळतो. गैरवापर रोखणे आवश्यक आहे, पण तो रोखताना ज्या स्त्रीसाठी औषध निर्माण झाले तिच्या हाती ते पोचते की नाही, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

समारोप

मध्य प्रदेशातील रुग्णालयीन प्रसूतींचे प्रमाण २०१९ ते २१ च्या पाहणीत ९०.७ टक्क्यांवर पोचले. ही मोठी प्रगती आहे. मात्र रुग्णालयात पोचणे आणि योग्य वेळी योग्य औषध मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामीण बोलीत दोन्ही इंजेक्शनांना ‘सुई’ असेच म्हणतात. कळा वाढविण्यासाठी बाळंतपणाआधी दिलेली सुई आणि रक्त थांबविण्यासाठी नंतर दिलेली सुई यांत जीवन-मरणाचा फरक आहे. बाळंतपण लवकर उरकावे म्हणून घरचे लोकच कोणा अर्धशिक्षित माणसाकडून पहिली सुई टोचून घेतात, आणि दुसरी सुई मागायची असते हे त्यांना ठाऊक नसते.

येथे महाविद्यालयीन शिक्षकांचे काम सुरू होते. वैद्यकीय सल्ला देणे आपले काम नाही. पण आपल्या वर्गातील मुली उद्या माता होतील, मुले उद्या पत्नीला घेऊन दवाखान्यात जातील. बाळ बाहेर येण्याआधी घरी सुई घ्यायची नाही आणि बाळ बाहेर आल्यावर औषध दिले का हे परिचारिकेला विचारायचे, ही दोन वाक्ये त्यांना त्यांच्या भाषेत सांगता आली पाहिजेत. सीमाभागात हे अधिक गरजेचे आहे, कारण येथे सूचना हिंदीत येतात आणि निर्णय मराठीत घेतले जातात.

इतिहासाच्या शिक्षकांसाठी आणखी एक काम उरते. पांढुर्णा-सौंसर भागातील जुन्या दाईंची पिढी आता मावळत आहे. कोणत्याही समाजाच्या घरात मध्यरात्री जाणाऱ्या या स्त्रियांनी काय पाहिले, काय केले, कोणाला वाचविले आणि कोणाला वाचवू शकल्या नाहीत, याची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. अर्गटचे ज्ञान सुइणींकडून डॉक्टरांकडे गेले होते. आपल्या सुइणींचे ज्ञान आणि त्यांच्या चुका, दोन्ही कागदावर येण्यापूर्वीच नाहीसे होऊ नयेत, एवढी काळजी आपण निश्चित घेऊ शकतो.